डिफ्रेन्शलचं ऑइल, मागचं झाकण आणि माझी परत आलेली गाडी

आयटीआय झालं, मेकॅनिक मोटार व्हेईकल, दोन वर्षांचा ट्रेड, आणि लातूरला एका गॅरेजात हेल्पर म्हणून लागलो तेव्हा मला वाटायचं डिफ्रेन्शल आपल्याला येतं. कारण आयटीआयच्या वर्कशॉपमधी कापलेलं मॉडेल होतं, लाल-पिवळा रंग दिलेलं, हातानं फिरवायचं, क्राऊन (मोठं दातेरी चाक) कुठला, पिनियन (त्याला फिरवणारं छोटं) कुठला, सगळं पाठ. पण त्या मॉडेलात ऑइल नव्हतं, त्याला वास नव्हता, आणि त्याच्याखाली उताणं झोपायची कधी वेळ आली नव्हती. गॅरेजातल्या पहिल्याच महिन्यात माझ्या हातची एक पिकप तिसऱ्या दिवशी गळत परत आली. आता जी पोरं नवीन लागलीत त्यांच्यासाठी लिहितोय, म्हणजे तुमची तरी परत येऊ नये.

आधी हे काय आहे ते. बैलगाडीची दोन्ही चाकं आखावर सुटी असतात, वळताना बाहेरचं जास्त पळतं, आतलं कमी, कुणाचं कुणाला काही देणंघेणं नाही. पिकपमधी इंजिननं मागची दोन्ही चाकं फिरवायची असतात आणि वळताना ती वेगवेगळी फिरू पण द्यायची असतात, म्हणून मागच्या हौजिंगमधी, म्हणजे एक्सलच्या लोखंडी कवचात, मधोमध तो गोळा, तेच डिफ्रेन्शल. आता गंमत अशी की त्यात पिनियन क्राऊनच्या बरोबर मध्यावर लागत नाही, जरा खाली लागतो, ह्याला हायपॉइड म्हणतात, आणि त्यामुळं दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत तर घासत सरकतात, वरून आपल्याकडं दीड टनाच्या गाडीत अडीच टन माल. साधं ऑइल त्या दाबात दातांच्या मधून पिळून निघून जातं. म्हणून डब्यावर जीएल-5 लिहिलेलं बघायचं. दुकानात सगळे नुसतं "90 नंबर द्या" म्हणतात, पण 90 किंवा 140 हा नुसता जाडपणा झाला, दाब सहन करणारं औषध त्यात किती आहे ते जीएल सांगतं. जीएल-5 ला जो सडक्या अंड्यासारखा वास येतो ना, तो त्या गंधकाच्या औषधाचाच. आणि उरलेलं ऑइल "वाया कशाला घालवायचं" म्हणून गिअरबॉक्समधी ओतू नका, तिथं पितळेच्या रिंगा असतात, जीएल-5 मधलं गंधक काही वेळा पितळ खातं. गिअरबॉक्सला जे सांगितलंय तेच.

तर ती गाडी. एप्रिल संपत आलेला, रेणापूरकडचे एक जण टरबुजं भरून लातूरला मार्केटला आणायचे, रोज पहाटे तीनला निघायचे. मागचं झाकण पूर्ण तेलानं माखलेलं, त्याच्यावर धुळीचा थर, शेणानं सारवल्यासारखा. मी बघितलं आणि लगेच सांगून टाकलं, झाकणाची पॅकिंग गेली. पहिली चूक इथंच. आमचे चाचा, म्हणजे उस्ताद, ते काही बोलले नाहीत, नुसतं बघितलं. आता मला कळतं ते का बघत होते. पिनियनचं सील पुढच्या बाजूला असतं, ते गळायला लागलं की पळत्या गाडीत वाऱ्यानं सगळं तेल मागं झाकणावर येतं आणि झाकण बिचारं उगाच बदनाम होतं. म्हणून आधी हौजिंग धुवायचं, कोरडं करायचं, टाल्कम पावडर मारायची आणि एक चक्कर मारून आणायची, पावडर जिथं पहिली ओली होते तिथून गळतंय. चाकाच्या ड्रममधून तेल येत असेल तर ते एक्सलचं सील, त्याचा झाकणाशी काही संबंध नाही. ह्या गाडीत खरंच झाकणच होतं, म्हणजे माझा अंदाज बरोबर निघाला पण नशिबानं.

गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणली म्हणजे ऑइल पातळ होतं आणि नीट निघतं. मी खाली शिरलो आणि सरळ खालच्या ड्रेन बोल्टला पाना लावला. चाचा वरून ओरडले, "पैले भरने का खोल, बाद में गिराने का!" मला वाटलं काय फरक पडतो. फरक असा की वरचा भरायचा प्लग कधीकधी गंजून असा बसतो की कोनं गोल होतात पण तो हलत नाही, आणि तोवर तुम्ही खालून ऑइल सोडून बसलेले असता, मग गाडी ना चालवता येते ना भरता येते. लई जणांनी हे करून बघितलंय, तुम्ही नका करू. आणि मागची बाजू जॅकवर घेतली असेल तर हँडब्रेकच्या भरवशावर राहू नका, बहुतेक पिकपमधी तो मागच्या चाकांनाच असतो, ती तर हवेत आहेत. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड आणि एक्सलखाली घोडी, म्हणजे जॅक स्टँड, त्याशिवाय खाली शिरायचं नाही. गाडीखाली उभं राहून काम करायचा खड्डा गॅरेजात असेल तर त्या खड्ड्यावरच करा, कारण ऑइलची लेव्हल गाडी सपाट उभी असतानाच खरी कळते.

ड्रेन प्लगला लोहचुंबक असतो बऱ्याच गाड्यांत. त्यावर करडी, मऊ, काजळासारखी पेस्ट दिसली तर घाबरू नका, ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे कण, चकत्या, दाताचा तुकडा असं काही निघालं तर काम थांबवा आणि आधी मालकाला बोलवून दाखवा, नंतर दाखवलं तर तुम्हीच मोडलं म्हणतील. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय. हे आपल्याकडं सप्टेंबरात लई बघायला मिळतं, पुलावरून पाणी चाललेलं असतं आणि हे गाडी घालतात. तापलेलं हौजिंग गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ती ब्रीदरमधून, म्हणजे हौजिंगच्या हवा जायच्या भोकातून, आणि सीलमधून बाहेरचं पाणी आत ओढून घेते.

झाकणाचे बोल्ट काढताना वरचे दोन पूर्ण काढायचे नाहीत, चार-पाच आटे धरून ठेवायचे, नाहीतर झाकण आणि राहिलेलं ऑइल एकदम तोंडावर येतं. मग खालच्या बाजूनं पातळ पट्टी घालून हळू उचकटायचं. मोठा स्क्रू-ड्रायव्हर आणि हातोडी घेऊन हौजिंगच्या फेसवर खाच पाडू नका, ती खाच पुढं जन्मभर गळते.

आता माझी खरी माती कुठं झाली ते. जुनं सिलिकॉन मी खरवडलं, मग गॅरेजात सगळं धुतो तसं डिझेलनं धुतलं, फडक्यानं पुसलं, चकाचक दिसत होतं. त्यावर बॉन्ड, म्हणजे ट्यूबमधलं नवीन सिलिकॉन, लावला, पण असा की ट्यूब अर्धी संपली, जास्त लावलं की जास्त टिकतं हा माझा हिशोब. लगेच झाकण बसवलं, लांब दांडीच्या पान्यानं दणकून बोल्ट आवळले, तासाभरात ऑइल भरलं आणि गाडी दिली, मालक पण खुश. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारात, खाली तेलाचं थारोळं, आणि मालक म्हणतात, "पोरा, आधी ठिबकायलं होतं, आता धार लागली की."

चाचा मला ओरडले नाहीत, नुसतं झाकण परत काढायला लावलं. बॉन्डची आख्खी पट्टी अळूच्या वडीची गुंडाळी सुटावी तशी सुटून हातात आली. "डीजल पे बॉन्ड चिपकता क्या रे?" डिझेल उडून जात नाही, त्याचा तेलकट पापुद्रा मागं राहतो. डिझेलनं धुवा खुशाल, पण शेवटचा हात ब्रेक क्लीनरचा, आणि पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच राहतंय का बघायचं. बोल्टच्या भोकांत पण, तिथं तेल भरून राहतं आणि आवळताना वर येतं. धागे सुटणारं वेस्ट कॉटन आत वापरू नका. खरवडताना क्राऊनवर स्वच्छ कापड टाकून ठेवा, कारण माझ्या त्या अर्ध्या ट्यूबचे आत दाबले गेलेले लोळे आम्ही नंतर चिमट्यानं काढत बसलो होतो, एखादा बेअरिंगमधी गेला असता म्हणजे झालं असतं.

झाकण काचेवर उपडं ठेवलं तर ते डुगडुगत होतं. दणकून आवळल्यानं प्रत्येक भोकाभोवती पत्रा आत दबून वाटीसारखा झालेला, म्हणजे दोन भोकांच्या मधी फट. चाचांनी ते ऐरणीवर घेऊन लाकडाच्या ठोकळ्यानं एक-एक भोक सपाट केलं, अर्धा तास. झाकणाचे बोल्ट बारीक असतात, जोराचं काम नाही. टॉर्क पाना असेल तर मॅन्युअलचा आकडा लावा, नसेल तर आखूड पाना घ्या म्हणजे हाताला जोर करताच येत नाही. समोरासमोर, आलटून-पालटून.

बॉन्ड न्यूट्रल क्युअरचा घ्या, ऑइल सहन करणारा. व्हिनेगरचा वास मारणारं ते खिडकीच्या काचांचं सिलिकॉन लोखंडाला गंज आणतं. साधारण तीन मिलिमीटरची धार, कुठंही न तुटता, भोकांच्या आतल्या बाजूनं, प्रत्येक भोकाला वळसा घालून. मग पाच-दहा मिनिटं, ट्यूबवर जे लिहिलं असेल ते, मग हातानं बोल्ट, मग पाना.

ह्याच्यात एक गोष्ट मला आयटीआयमधी कुणी सांगितली नव्हती. हा बॉन्ड उन्हानं वाळत नाही, तो हवेतल्या ओलाव्यानं पक्का होतो. मला वाटायचं लातूरचा उन्हाळा, 42 डिग्री, पापड वाळतो तसा तासाभरात वाळेल. उलटं आहे. कोरड्या हवेत तो जास्तच वेळ घेतो. चाचा झाकण बसवल्यावर खड्ड्याच्या आजूबाजूला सडा मारायचे, मला वाटायचं धूळ बसावी म्हणून. धूळ पण बसतेच, काळ्या मातीची धूळ ओल्या बॉन्डवर बसली की काम बाद, पण ओलाव्याचं त्यांना अनुभवानं कळलेलं, कारण विचारलं तर म्हणाले, "बारिश में जल्दी पकड़ता, बस."

एवढं सगळं झाल्यावर ते म्हणाले, अजून एक राहिलं, ब्रीदर. हौजिंगच्या वर छोटी टोपी असते, कुणी बघत नाही. हिच्यात काळी माती जाऊन वाळून दगड झालेली. गाडी चालली की आतली हवा तापून फुगते, ब्रीदर बंद असला की ती कुठून तरी वाट काढणारच, जिथं कच्चं असेल तिथून तेल ढकलते. म्हणजे मुळात झाकण गळायला लागलं ते बहुतेक हिच्यामुळंच, आणि मी झाकण कितीही चांगलं लावलं असतं तरी पुढं पिनियनचं सील गेलं असतं. तार घातली, हवा मारली, पाच मिनिटांचं काम. फोर बाय फोर असेल तर पुढं पण डिफ्रेन्शल आहे, त्याचं झाकण आणि ब्रीदर पण बघा.

गाडी रात्रभर खड्ड्यावरच ठेवली. मालक तयार नव्हते, टरबुजं शेतात भरायची राहिलेली, शेवटी त्यांनी मेहुण्याचा छोटा हत्ती बोलावला आणि त्याचं भाडं मी द्यावं असं दोनदा बोलून दाखवलं. ते गॅरेजनं दिलं, माझ्या हप्त्याच्या पगारातून अर्धं कापून. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑइल भरलं. भरायचा हिशोब सोपा, वरच्या प्लगच्या भोकाच्या खालच्या काठाला लेव्हल आली आणि बाहेर ओघळायला लागलं की बस. पिकपला साधारण दीड-दोन ते अडीच लिटर लागतं, गाडीप्रमाणं बदलतं, मॅन्युअल बघून आणा. भोकाच्या वर दाबून भरून ठेवलं तर जास्तीचं ऑइल फेसाळतं आणि सीलमधून बाहेर येतं.

निघालेलं ऑइल नालीत सोडायचं नाही, आमच्याकडं डबा भरला की जुनं ऑइल घेणारा येतो. शेजारचे एक आजोबा मात्र दर महिन्याला बाटली घेऊन येतात, दाराच्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणून लावायला. चाचा त्यांना इंजिनचं देतात. डिफ्रेन्शलचं एकदा दिलं होतं तर आजींनी चौकटीसकट दोघांना घराबाहेर काढायची भाषा केली, वासानं.