पिल्लू घरभर शू करतंय? या चुका टाळा

‘बाहेर अर्धा तास फिरवून आणलं, आणि आत येताच गालिच्यावर!’ नवं पिल्लू आणलेल्या जवळजवळ प्रत्येक घरातून हे ऐकू येतं. यात पिल्लाचा हट्ट नसतो. बाहेर वास, आवाज, पक्षी, माणसं. त्या गडबडीत त्याला शूची आठवणच राहत नाही. घरात शांत झालं की आठवते.

म्हणून शूची फेरी आणि फिरायची फेरी वेगळी ठेवा. पट्टा लावून रोज त्याच जागी न्या, गप्प उभे राहा, पाचेक मिनिटं वाट पाहा. केली तर तिथेच, त्या क्षणी खाऊ द्या आणि मग खेळा. घरात आल्यावर दिलेला खाऊ त्याच्या लेखी घरात आल्याचा असतो. केली नाही तर आत आणा, पण मोकळं सोडू नका. मांडीवर घ्या किंवा पट्टा हातात ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा न्या. लसीकरण पूर्ण होईपर्यंत मात्र जागा अशी निवडा जिथे इतर कुत्री येत नाहीत.

दुसरी चूक वेळेची. दिवसा पिल्लू साधारण जितक्या महिन्यांचं तितके तास धरू शकतं, म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू फार तर दोन तास. तेही ते स्वस्थ असेल तर. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ थांबल्यावर घड्याळाकडे न बघता उचलायचं. जमीन हुंगत गोल फिरू लागलं, तर हातातलं काम टाकून उठायचं.

आता ओरडण्याबद्दल. शूमध्ये नाक घासायचा सल्ला अजूनही दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. माझ्या पहिल्या पिल्लाच्या वेळी मीही तो ऐकला होता, त्याचं मला आजही वाईट वाटतं. ते पिल्लू घरात शू करायचं थांबलं नाही, माझ्यासमोर करायचं थांबलं. सोफ्यामागे जाऊन करू लागलं, आणि बाहेर पट्ट्याला बांधलेलं असताना तर मी शेजारी उभा म्हणून करेचना. आपण रागावल्यावर ते मान खाली घालतं, ती अपराधाची कबुली नसते. आपल्या चेहऱ्याला ते घाबरलेलं असतं. करताना दिसलं तर हलकी टाळी वाजवा, उचला, बाहेर न्या. नंतर दिसलं तर निमूटपणे पुसा.

पुसायलाही एन्झाइमचा क्लीनर, म्हणजे लघवीचे घटक मोडून वास घालवणारा द्रव वापरा. अमोनिया असलेल्या द्रवांचा वास लघवीशी मिळताजुळता असतो, त्यामुळे पिल्लू पुन्हा तिथेच येतं. क्रेट, म्हणजे पिल्लाला झोपायला ठेवायचा दाराचा पिंजरा, वापरत असाल तर उभं राहता, वळता, आडवं होता येईल एवढाच हवा. मोठ्या क्रेटमध्ये एक कोपरा झोपायचा आणि दुसरा शूचा होतो.

एवढं सगळं करूनही काही पिल्लं स्वतःच्या अंथरुणातच घाण करतात, आणि अशा वेळी चूक बहुतेकदा पिल्लू घरी येण्याआधीच झालेली असते. पहिले तीनेक आठवडे आईच पिल्लांना चाटून स्वच्छ ठेवते. पुढे पिल्लं आपणहून झोपायच्या जागेपासून दूर जाऊन शू करू लागतात. आपण घरात जी सवय लावतो ती याच ओढीवर उभी असते. जे पिल्लू अरुंद पिंजऱ्यात, त्याच जागी खात, झोपत आणि घाण करत वाढलं, त्याची ही ओढच मोडते.

म्हणून ब्रीडरकडे, म्हणजे पैदास करून पिल्लं विकणाऱ्याकडे, जाल तेव्हा फोटोंवर भागवू नका, पिल्लं राहतात ती जागा बघा. झोपायची आणि शूची जागा वेगळी आहे का? आई समोर आहे का, माणसांत निर्धास्त वावरते का? आई-बापाच्या तपासण्यांचे कागद मागा. मोठ्या जातींत खुब्याचे एक्स-रे आणि त्या जातीत डोळ्यांचे किंवा हृदयाचे विकार आढळत असतील तर त्यांच्या तपासण्यांचे कागदही. नोंदणीचं सर्टिफिकेट वंश सांगतं, तब्येत नाही. आठ आठवड्यांआधी पिल्लू द्यायला तयार असणारा, रस्त्यात भेटून देतो म्हणणारा, हवी ती जात कधीही मिळेल म्हणणारा, अशा माणसाकडून घेऊ नका. दयेपोटीही नको, रिकाम्या झालेल्या पिंजऱ्यात तो पुढचं पिल्लू ठेवतो. चांगला ब्रीडर उलट तुम्हालाच विचारतो: दिवसभर घरी कोण असतं, आधी कुत्रा पाळला होता का? आणि नाही जमलं तर कुत्रा कधीही परत घ्यायला तो तयार असतो.

पिंजऱ्यातलं पिल्लू आधीच घरी आलं असेल, तर काही आठवडे क्रेट बाजूला ठेवा. अंथरूण रोज धुऊन कोरडं ठेवा, दर तासाला बाहेर न्या, रात्रीही दोनदा उठा. वेळ लागतो, पण पुष्कळ पिल्लं सुधारतात. आणि सवय लागलेलं पिल्लू अचानक थेंब थेंब शू करू लागलं, खूप पाणी प्यायला लागलं किंवा लघवीत रक्त दिसलं, तर ती मूत्रमार्गाच्या संसर्गासारख्या आजाराची खूण असू शकते. त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या.