बल्ब सारखा जातोय? नवा आणण्याआधी या चुका टाळा

गावाकडे बल्ब गेला की उपाय ठरलेला असतो. बाजाराच्या दिवशी नवा आणायचा आणि तोही गेला की कंपनीला शिव्या घालायच्या. पण एकाच होल्डरवर बल्बामागून बल्ब जात असतील आणि बाकीच्या खोल्यांतले नीट चालत असतील, तर बल्बाला दोष देऊ नका. मेन स्विच बंद करून होल्डरमध्ये बघा. आतल्या दोन पिना स्प्रिंगवर वर-खाली व्हायला हव्यात. दबून बसल्या असतील किंवा काळ्या पडल्या असतील तर तिथे ठिणगी पडते आहे. काही जण पॉलिश पेपरने घासून वेळ मारून नेतात, पण तापून मऊ झालेली स्प्रिंग घासून ताठ होत नाही. होल्डरच बदला, तो बल्बापेक्षा महाग नसतो.

खरा त्रास वायरींच्या जोडांचा असतो. आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. टिनाखाली तर त्याहून भाजते. त्या उष्णतेने काळ्या टेपेचा डिंक सुटतो आणि टेप उलगडून लोंबायला लागते. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर बहुधा ॲल्युमिनियमची आणि घरातली तांब्याची असते. दोन्ही नुसत्या पिळून जोडल्या, त्यात मृगाचा पहिला पाऊस लागला, की जोड उघडल्यावर ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी आणि तांब्यावर काळा थर दिसतो. असा जोड तापतो, व्होल्टेज खातो आणि एक दिवस जळतो. वरून नवी टेप गुंडाळणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे. दोन धातूंसाठी वेगळा कनेक्टर मिळतो, तो बसवून घ्या. खांबापासून मीटरपर्यंतच्या जोडाला मात्र स्वतः हात लावू नका. मेन स्विच पाडला तरी तिथली लाइन जिवंतच असते.

कुलर सुरू करताना बल्ब क्षणभर मिचकला तर घाबरू नका. तो मंदच राहिला किंवा बोर्डातून चरचर आवाज येऊ लागला, तर ढिला जोड शोधा.

आता टेस्टर. तो फेजच्या, म्हणजे करंट आणणाऱ्या तारेवर पेटतो. सॉकेटच्या दोन्ही छिद्रांत टेस्टर पेटतो म्हणून ‘डबल फेज आला’ असे सर्रास म्हणतात. बहुतेक वेळा डबल फेज वगैरे काही नसते, न्यूट्रल, म्हणजे करंटची परतीची तार, तुटलेला असतो. घरातल्या बटण चालू असलेल्या कुठल्यातरी बल्बातून फेज न्यूट्रलच्या तारेपर्यंत येतो आणि टेस्टर तिथेही पेटतो. उपकरण एकही चालत नाही, पण दोन्ही तारा झटका देऊ शकतात. उपकरणे बंद आहेत म्हणून लाइन नाही असे समजून तार सोलायला बसणे, ही यातली सगळ्यात घातक चूक.

न्यूट्रल डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) किंवा खांबावर सुटला तर लक्षण वेगळे असते. शेजारच्या घरी लाइट मिणमिणते आणि तुमच्याकडे भगभगते. २३० व्होल्टच्या जागी ३०० च्या वर, कधी ४०० च्या आसपास व्होल्टेज येते आणि टीव्ही, फ्रिज, मोबाईलचा चार्जर सगळे एका झटक्यात जाते. असे दिसले की लगेच मेन स्विच पाडा, शेजाऱ्यांनाही पाडायला सांगा आणि मग लाइनमनला फोन करा.

बटण बंद असूनही एलईडी बल्ब अंधुक जळत राहिला तर त्याकडेही दुर्लक्ष नको. कधी ते बटणातल्या इंडिकेटरमुळे होते. पण बटण फेजऐवजी न्यूट्रलवर लावलेले असेल तर बटण बंद करूनही होल्डरमध्ये फेज हजर असतो. बल्ब बदलायला स्टुलावर चढलेल्या माणसाला ते कळत नाही.

हीच चूक कुलरच्या सॉकेटवर असली तर काय होईल? म्हणून कुलरमध्ये पाणी टाकताना बटण बंद करून भागत नाही, पिन काढा. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून टिनाच्या कुलरला हात लावणे, आतला पंप पाण्यात आणि पंपाच्या वायरला उघडा जोड. दर उन्हाळ्यात विदर्भात यानेच माणसे जातात. तीन पिनेच्या प्लगची अर्थिंगची जाड पिन तोडून तो दोन छिद्रांत बसवू नका. अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्ये न्यूट्रललाच अर्थिंगची तार जोडणारे वायरमनही भेटतात. त्यांना थांबवा, कारण न्यूट्रल तुटला की कुलरचा अख्खा पत्रा फेजवर येतो. अर्थिंग असले तरी मे अखेरच्या नवतपात काळी माती भेगाळते आणि सळईपासून सुटते. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकत राहा. आणि एवढा एक खर्च कराच: ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच लाइन तोडणारा स्विच. बसवल्यावर ती सारखी पडत असेल तर ‘खराब माल’ म्हणून बायपास करू नका. करंट कुठेतरी गळतो आहे किंवा न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र आहेत, हेच ती सांगत असते. तिच्यावरचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा.

किटकॅटमध्ये (फ्यूजच्या चिनी मातीच्या खोबणीत) फ्यूज तारेऐवजी वायरीचे दोन-तीन पदर पिळून घालण्याबद्दल काय लिहावे! फ्यूज वाचतो, भिंतीतली वायर जळते. लाइटच्या सर्किटला ६ अँपिअरची एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) पुरते. ती पडते म्हणून १६ ची लावली तर तेच झाले.

भाव येईपर्यंत ज्यांच्या घरात कापूस असतो, त्यांनी गंजीच्या वर लोंबता होल्डर ठेवू नये. त्या खोलीत उंदीर असतातच आणि वायरही कुरतडतात. खोलीची लाइन वेगळ्या बटणावर घ्या आणि काम नसताना बंद ठेवा.

मीटरनंतरचे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. खांब, डीपी आणि मीटरपर्यंतच्या तारेची तक्रार महावितरणकडे १९१२ वर करा. बिलावरचा ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा आणि फोनवर ‘लाइट नाही’ एवढेच न सांगता ‘न्यूट्रल गेला आहे, व्होल्टेज जास्त येत आहे’ असे स्पष्ट सांगा.