पेन्शनला वर्ष उरलंय? मग आधी कागद बघा

१९९५ साली नाशिक रोडला तोफखान्यात रंगरूट म्हणून गेलो आणि चार वर्षांनी कारगिलच्या लढाईत द्रासमध्ये बोफोर्स तोफेवर उभा होतो. चाळीस किलोंहून जड गोळा, दहा हजार फुटांवरची विरळ हवा, आणि १३ जूनला तोलोलिंगचं शिखर हाती येईपर्यंत झोप अशी नाहीच. कानात कापूस कोंबायचो, पण हुकूम ऐकू यायला हवा म्हणून एक बोळा ढिला ठेवायचो. तेव्हापासून डाव्या कानात शिट्टी वाजते. लढाईचं एवढं पुरे, बाकीचं पारावर पुष्कळ सांगून झालंय. मी खरा मार खाल्ला तो पेन्शनवर येताना.

२०१९ मध्ये हवालदार म्हणून बाहेर पडलो, नोकरी २४ वर्षं. रिलीज मेडिकलला, म्हणजे फौज सोडतानाच्या तपासणीत, डॉक्टरसाहेबांनी विचारलं, काही त्रास? छाती काढून म्हणालो, "नो सर!" शिट्टीचं बोललोच नाही. कारगिल बघितलेला गडी कानाची तक्रार काय करणार! नोकरीमुळे आलेलं अपंगत्व डॉक्टरांच्या बोर्डाने नोंदवलं, टक्केवारी बसली, तर त्याचं पेन्शन वेगळं मिळतं. माझ्या कागदावर मात्र कान ठणठणीत. पोरांनो, गुडघा, पाठ, कान, जे दुखतं ते तिथेच सांगा आणि लिहून घ्या.

दुसरं, पार्ट टू ऑर्डर, म्हणजे युनिटने काढलेली आपली घरगुती नोंद. आपलं लग्न, मुलांचे जन्म त्यात चढतात. माझ्या रेकॉर्डला बायकोचं नाव माहेरचं, आधारवर सासरचं. उद्या मी गेलो तर फॅमिली पेन्शनसाठी तिलाच धावावं लागलं असतं. युनिटात असताना हेडक्लार्कला सांगून जे सरळ झालं असतं, त्यासाठी प्रतिज्ञापत्र, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करत बसलो. मुलांच्या जन्मतारखाही शाळेच्या दाखल्याशी ताडून बघा.

शेवटच्या काळात पुनर्वसनाचे कोर्स मिळतात. मी ते दिवस घराच्या स्लॅबपायी घालवले. मग चाकणला एका गोदामावर बारा तासांची सिक्युरिटी. पगार कमी, आणि पंचविशीचा सुपरवायझर 'ए मामा' म्हणायचा. त्याचं चुकत नव्हतं म्हणा, पण रात्री झोप लागायची नाही.

दोन वर्षांनी कळलं की सरकारी बँकांत क्लार्कच्या साडेचौदा टक्के जागा माजी सैनिकांना असतात, वयात नोकरीची वर्षं अधिक तीन अशी सवलत मिळते (पन्नाशीच्या आत), आणि दहावी पास असून पंधरा वर्षं फौजेत काढली आणि फौजेचं शिक्षणाचं प्रमाणपत्र हाती असलं की पदवीची अट आडवी येत नाही. परीक्षेसाठी मुलीच्या पुस्तकांवरून गणित केलं. तिला लाज वाटायची, मला जास्त. पहिल्यांदा आपटलो, दुसऱ्यांदा लागलो.

आता नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी म्हातारे फौजी माझ्याच खिडकीशी येतात. जरा मोठ्याने बोलतात, उजव्या बाजूने. त्यांना ठाऊक आहे.