नवा गेम पूर्ण किमतीत घेण्याआधी

गेल्या दिवाळीत मी आणि धाकट्या भावाने पैसे जमवून साडेतीन हजारांचा एक गेम घेतला. दोन्ही कंट्रोलर चार्ज करून बसलो, तर मेनूत दुसऱ्या खेळाडूचा पर्यायच नाही. नुसती ‘लवकरच येत आहे’ची पाटी. भावाचं तोंड उतरलं, ते मला अजून आठवतं. तेव्हापासून मी नवा गेम असा घेते.

प्री-ऑर्डर, म्हणजे गेम यायच्या आधीच पैसे भरणं, करत नाही. डिजिटल गेमचा साठा काही संपत नाही.

गेमचा व्हिडिओ पाहते तो आमच्याकडच्याच कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळाच्या यंत्रावर, खेळलेला. १० डिसेंबर २०२० ला ‘सायबरपंक २०७७’ आला, तेव्हा समीक्षकांना आधी फक्त पीसीवरची प्रत मिळाली होती. त्यांनी भरभरून गुण दिले. सोनीच्या पीएस४ (प्लेस्टेशन ४) कन्सोलवर मात्र तो धड चालेना. आठवडाभरात सोनीने तो स्टोअरवरून काढला, तो परतला जून २०२१ मध्ये.

मग आपल्याला हवी ती एक गोष्ट आज गेममध्ये आहे का, एवढंच शोधायचं. ‘स्ट्रीट फायटर ५’ हा मारामारीचा गेम फेब्रुवारी २०१६ मध्ये आर्केड मोडशिवाय, म्हणजे एकट्याने गेमविरुद्ध ओळीने लढती खेळायच्या सोयीशिवाय, विकायला आला. तो मोड मिळाला जानेवारी २०१८ मध्ये. ‘हेलो इन्फिनिट’मध्ये एकाच टीव्हीवर दोघांनी मोहीम (गेमची मुख्य कथा) खेळायची सोय येणार होती, ती २०२२ मध्ये रद्दच झाली. म्हणून ‘येणार आहे’ हे मी ‘नाही’ असंच धरते.

स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, घेतलात तर घड्याळ लावून बसा. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळ दोन तासांपेक्षा कमी झालेला असेल, तर पैसे परत मिळतात. गेम उघडा ठेवून जेवायला गेलात तरी तो वेळ मोजला जातो. गेम उघडल्यावर शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होण्यात जाणारी मिनिटंसुद्धा त्यातच. त्यामुळे सुरुवातीच्या कथेत रमू नका. आधी सेव्ह करा, गेम बंद करून पुन्हा उघडा, सेव्ह जागेवर आहे का बघा. दुसरा कंट्रोलर जोडा. ऑनलाइन खेळायचं असेल तर एक सामना खेळून घ्या. गर्दीच्या जागी, बाजारात किंवा लढाईत चित्र अडखळतं का, ते पाहा. रिकाम्या खोलीत सगळेच गेम सुरळीत चालतात. दीड तासाला निर्णय घ्या.

प्लेस्टेशनवर नियम कडक आहे. डाऊनलोड सुरू केलं की, गेम सदोष असल्याशिवाय, पैसे परत मिळत नाहीत. तिथे सगळी चौकशी आधीच उरका.

बिघाड दिसला की लगेच स्क्रीन रेकॉर्ड करा. तक्रारीत ‘गेम वाईट आहे’ लिहू नका. ‘अमुक मोड स्टोअरच्या पानावर लिहिला आहे, मेनूत नाही’ असं लिहा आणि त्या पानाचा फोटो जोडा. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दिवाळीच्या त्या गेमच्या वेळी मी पानाचा फोटो काढलाच नव्हता, आणि नंतर विक्रेत्याने तिथला मजकूर बदलला.