जुना मंजूर नकाशा, ले-आऊट शोधायचाय? मग आधी हे वाचा

बरेच जण आर्किटेक्टचं नाव घेऊन डायरेक्ट महापालिका-नगरपालिकेच्या ऑफिसात जातात आणि क्लार्क म्हणतो असं नावानं काही सापडत नसतं. खरंच सापडत नाही, कारण रेकॉर्ड रूममध्ये फाईली लावलेल्या असतात त्या परवाना नंबर, वर्ष, नाहीतर सर्व्हे नंबर, सिटी सर्व्हे नंबरानं. म्हणून आधी घरातली ट्रंक उघडा, खरेदीखत, घरपट्टीच्या जुन्या पावत्या, प्रॉपर्टी कार्ड जे सापडलं ते काढा. घरावर कर्ज काढलं असेल तर बँकेच्या फाईलीत मंजूर नकाशाची कॉपी बहुतेक असतेच, तिथं आधी विचारा, उगं हेलपाटे वाचतील.

मग वर्ष बघा, कारण आपल्या मराठवाड्यात वर्ष बदललं की ऑफिस बदलतं. संभाजीनगरला महापालिका 1982 ला आली, लातूर-परभणीला 2011 ला, त्याच्या आधीचं सगळं नगरपालिकेच्या नावावर. संभाजीनगरात सिडकोनं वसवलेला भाग 2006 ला महापालिकेकडं गेला, त्यामुळं तिथल्या घराचं असेल तर दोन्हीकडं विचारा, एकानं नाही म्हटलं म्हणून घरी येऊन बसू नका.

1948 च्या आधीचं, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानातलं पाहिजे असेल तर खेळ वेगळाच. कागद उर्दूत आणि तारीख फसली, म्हणजे तेव्हाच्या महसुली सालात. फसलीत 590 मिळवले की ढोबळमानानं इसवी सन येतं, म्हणजे 1327 फसली लिहिलं असेल तर 1917 च्या आसपासचं. लातूरची गंजगोलाई बाजारपेठ त्याच काळातली, फैयाजुद्दीन नावाच्या टाउन प्लॅनरनं आखलेली, मधे गोल अन् 16 रस्ते. असलं काही शोधत असाल तर संभाजीनगरच्या पुराभिलेख कार्यालयात जा, आणि संस्थानाच्या दफ्तराचा मोठा भाग हैदराबादच्या अर्काइव्हजमध्ये आहे हे पण लक्षात ठेवा. उर्दू वाचणारं कुणीतरी सोबत न्याच, नाहीतर कागदांचा बस्ता समोर असून उपयोग नाही.

किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर जी गावं नवीन जागी वसवली त्यांच्या ले-आऊटसाठी कलेक्टर ऑफिसची पुनर्वसन शाखा आणि भूमी अभिलेख, दोन्ही धरा.

फाईल सापडत नाही असं तोंडी उत्तर मिळालं तर 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका, पण "सगळे नकाशे द्या" असं लिहू नका, "अमुक सर्व्हे नंबर, अमुक ते अमुक वर्ष, बांधकाम परवाना आवक-जावक रजिस्टर आणि फाईल प्रत्यक्ष पाहू द्या" असं लिहा. रजिस्टर बघितलं की फाईल नंबर हातात येतो, मग नक्कल मागायला सोपं. उत्तराची मुदत 30 दिवस. दुसऱ्याच्या घराचा नकाशा असेल तर त्याला नोटीस जाऊ शकते, ते धरून चाला.

नकाशा समोर आला की आधी खालचा उजवा कोपरा बघा, स्केल, तारीख, ड्रॉइंग नंबर, सही-शिक्के सहसा तिथंच असतात. एकाच घराचे दोन-तीन नकाशे निघतात, त्यातला मंजुरीचा शिक्का असलेला धरा, बाकीचे प्रस्ताव असतात. परवानगी असेल तर फोटो वरून सरळ काढा, स्केलपट्टी बाजूला ठेवून, फ्लॅश बंद. घरी अमोनिया प्रिंट (अमोनियाच्या वाफेवर काढलेली नकाशाची जुनी नक्कल) असेल तर उन्हात अजिबात पसरू नका, रेषा उडून जातात, अन् फाटलं म्हणून सेलोटेप पण लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. सपाट ठेवायचं, घडी न घालता, आणि पहिल्याच दिवशी झेरॉक्सवाल्याकडून मोठं स्कॅन करून घ्यायचं.