गेम अडकतोय? नवं ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी या चुका टाळा

चवथीला फोंड्याला गेलो तर भाचा तोंड पाडून बसलेला. "मामा, कार्डच खराब निघालं." नवं कोरं ग्राफिक्स कार्ड, तरी गेम लंगडत होता. कॅबिनेटच्या मागे डोकावलो. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला! गेम प्रोसेसरमधल्या जुजबी ग्राफिक्सवर चालला होता आणि महागडं कार्ड आत आराम करत होतं. केबल कार्डाच्या पोर्टला लावली, काम झालं. ही चूक शिकलेसवरलेलेही करतात.

दुसरी चूक घाईची: गेम अडकला की दोष कार्डाचाच. आधी गेमचं रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणून पाहा. एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, झपकन वाढले तर कार्ड दमत होतं. जागचे हलले नाहीत तर बहुधा प्रोसेसर मागे पडतोय, मग नवं कार्ड घेऊन पैसे पाण्यात.

आता आपल्याकडचं खरं दुखणं, उष्णता. पहिली दहा-पंधरा मिनिटं गेम झकास आणि मग घसरण, असं होत असेल तर तापमान बघा. प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास गेला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. गोव्यात धूळ कोरडी राहत नाही. दमट हवेत ती हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पट्ट्यांत चिकटून नमद्यासारखी बसते. मिरामार, कळंगुटसारख्या किनाऱ्यालगत खारा वारा जोडीला, तो धातूच्या टोकांवर गंज चढवतो. पावसाळ्याआधी आणि नंतर मऊ ब्रशने साफ करा. पंखा बोटाने धरून ठेवा, वाऱ्याने गरगर फिरवू नका. तीन-चार वर्षांत थर्मल पेस्टही (प्रोसेसर आणि हीटसिंकमधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदला. कॅबिनेट भिंतीला चिकटवून किंवा कपाटात कोंबून ठेवणाऱ्यांना काय बोलायचं!

रॅमबाबतही गफलत होते. १६ जीबीची एकच पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्या, म्हणजे डेटा दोन वाटांनी धावतो. मदरबोर्डवर चार खाचा असतील तर या दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात, त्याचं पुस्तक एकदा चाळा. पट्टीवर ३२०० लिहिलंय म्हणून ती त्याच वेगाने चालते असंही नाही. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला छापील वेग देणारी सोय, चालू केली नसेल तर ती २१३३ किंवा २६६६ वरच रेंगाळते.

१४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर घेऊन विंडोजमध्ये ६० वरच ठेवलेलेही मी पाहिलेत. एसएसडीने (हार्ड डिस्कऐवजी येणाऱ्या वेगवान साठवणीने) एफपीएस वाढतात हा आणखी एक गैरसमज. गेम लवकर उघडतो, नवा भाग येताना बसणारे गचके कमी होतात, इतकंच.

आणि ऐन लढाईत पीसी धाडकन बंद पडत असेल तर गेमला शिव्या देऊ नका. तापमान ठीक असेल तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, घ्या. ओळखीच्याकडून दुसरा आणून एक दिवस लावून बघा.