विमानाच्या सीटच्या धंद्यात येताय? आधी बर्न रिपोर्ट वाचायला शिका

सीट रेकारोची किंवा सॅफ्रानची, टॉयलेट नाहीतर गॅली (विमानातलं स्वयंपाकघर) जॅमकोची, कापड आणि कार्पेट लँटालसारख्यांचं, प्लॅस्टिकची शीट कायडेक्सची. केबिनमधलं बहुतेक सामान अशा बाहेरच्या कंपन्यांकडून येतं हे तुम्हाला ठाऊक असेलच, त्यामुळे बीएफई (विमान घेणाऱ्याने पुरवायचं सामान), एसएफई (विमान विकणाऱ्याने पुरवायचं), शिपसेट (एका विमानाचा पूर्ण संच) यांत वेळ घालवत नाही. मी लिहितोय ते याच्या खालच्या पायरीबद्दल. सीट कव्हर शिवणारे, फोम कापणारे, कार्पेट साच्याप्रमाणे बेतून देणारे, आणि या सगळ्यांना माल पुरवणारे. इचलकरंजीत टेक्सटाइल केलेल्या किंवा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेल्या पोरापोरींना या लाइनमधली पहिली नोकरी बहुधा इथेच मिळते. एअर इंडियाने जुन्या विमानांच्या केबिन बदलायला ४० कोटी डॉलरचा कार्यक्रम काढला, इंडिगोने २०२४ मध्ये बिझनेस क्लास आणला, तेव्हापासून "यात स्कोप आहे का?" असं विचारणारे फार झालेत. स्कोप आहे. कव्हर मळतात, फाटतात, धुवायला जातात, म्हणून विमान कंपन्या जादा सेट ठेवतातच. काम संपत नाही.

पण रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत तुमच्या हातात बर्न रिपोर्ट, म्हणजे आगीच्या चाचणीचा अहवाल, येईल. वर कापडाचा नंबर, खाली 'पास'. बघून फाइलला लावाल. तिथेच फसाल.

नियम २५.८५३, म्हणजे केबिनमधल्या सामानाने आग किती धरावी याचा अमेरिकन नियम, सगळे तोंडपाठ म्हणतात. सीटच्या कव्हरला, पडद्याला, कार्पेटला १२ सेकंदांची उभी चाचणी. नमुना आधी २१ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत ठेवायचा (पावसाळ्यात मुंबईत खिडकी उघडी टाकून हे जमत नाही, तरी करून बघणारे मी पाहिलेत). मग उभा टांगून खालून १२ सेकंद ज्योत लावायची. ज्योत काढल्यावर कापड सरासरी १५ सेकंदांच्या आत विझलं पाहिजे, जळालेली लांबी ८ इंचांच्या पुढे जाता कामा नये, आणि गळलेले थेंब ५ सेकंदांपेक्षा जास्त पेटते राहता कामा नयेत. निदान तीन नमुने लागतात, आणि कापड असेल तर ताण्याच्या (उभ्या धाग्यांच्या) दिशेने वेगळे, बाण्याच्या (आडव्या धाग्यांच्या) दिशेने वेगळे. इथपर्यंत सोपं आहे.

आता नीट वाचा. तो रिपोर्ट कशाचा आहे? नुसत्या कापडाचा. तुम्ही विमानात काय पाठवताय? कापड, त्याच्या पाठीला चिकटवलेला पातळ फोम, मधला गोंद, कडेला शिवलेलं वेलक्रो. चाचणी या सगळ्याची, ज्या रचनेत ते विमानात बसणार त्याच रचनेत व्हायला हवी. कापड एकटं पास आणि फोम एकटा पास, म्हणजे दोन्ही चिकटवल्यावर पास, असं गणित इथे चालत नाही. आमचा एक अख्खा लॉट यातच अडकला. शिलाई उत्तम, रंग जुळलेला, आणि गिऱ्हाइकाच्या क्वालिटीवाल्याने एकच प्रश्न विचारला, "लॅमिनेशनसकट रिपोर्ट कुठाय?" नव्याने चाचणी केली तेव्हा ताण्याचे नमुने पास झाले आणि बाण्याचे नापास. गोंद आणि फोम मिळून जे थेंब गळले ते खालच्या पत्र्यावर पेटतेच राहिले. लॅबमधला तंत्रज्ञ स्टॉपवॉच हातात धरून शांतपणे आकडे सांगत होता आणि आम्ही पत्र्याकडे बघत होतो.

हे अजून संपलेलं नाही, कारण सीटच्या गादीची चाचणी वेगळीच आहे. कव्हर, आतला फायर ब्लॉकर (आग अडवणारा थर) आणि फोम अशी पूर्ण गादी, बसायची आणि पाठीची, तेलाच्या बर्नरसमोर दोन मिनिटं ठेवतात. सरासरी वजन १० टक्क्यांहून जास्त घटता कामा नये आणि जळण १७ इंचांच्या आत राहिलं पाहिजे. जून १९८३ मध्ये एअर कॅनडाच्या डीसी-९ मध्ये मागच्या टॉयलेटपाशी आग लागली. विमान सिनसिनाटीला उतरलं, तरी ४६ पैकी २३ जण वाचले नाहीत. गादीचा हा नियम अमेरिकेत पुढच्याच वर्षी आला. म्हणून गिऱ्हाईक "फक्त कापडाऐवजी लेदर लावा" म्हणालं, तर त्यातल्या 'फक्त'वर जाऊ नका. काही बदल सारखेपणाच्या आधारावर नव्या चाचणीशिवाय मान्य होतात, पण ते ठरवायचा अधिकार डिझाइनची मान्यता असलेल्या संस्थेचा. तुमचा नाही, तुमच्या मालकाचाही नाही.

लेबलचंही तसंच. कापडाच्या रोलच्या नळीवरचं लेबल आणि लॉट नंबर जपा. रोल अर्धा कापून दुसऱ्या कामाला दिला आणि उरलेल्या तुकड्याला खूण नसेल, तर तो तुकडा विमानापुरता भंगार. रेक्झिनच्या बाजारात 'एअरक्राफ्ट ग्रेड' म्हणून जे विकतात, त्यांच्याकडे लॉटवार प्रमाणपत्र मागून बघा, चेहरा बघण्यासारखा होतो. आणि कापड मुळातच आग न धरणाऱ्या धाग्याचं आहे की वरून प्रक्रिया केलेलं, हेही विचारा. वरची प्रक्रिया धुण्यात उतरू शकते.

घाबरवायचा हेतू नाही. यातलं काहीच अवघड नाही, परदेशी डिग्री लागत नाही, इंग्रजी मोडकं असलं तरी ड्रॉइंग वाचता आलं की निभतं. माझं स्पष्ट मत विचाराल तर 'एव्हिएशन इंटिरिअर'चे दोन महिन्यांचे कोर्स पैसे वाया घालवायचे धंदे आहेत. लिंक्डइनवरच्या मार्गदर्शकांपेक्षा शिलाई विभागातला मास्टर बरा. कुठल्या वळणावर शिवण ताण खाते, फोम कुठे उघडा पडतो, हे त्याला हाताने कळतं. त्याच्या शेजारी उभं राहायला लाज वाटत असेल तर सेल्समध्ये जा. हॅम्बुर्गला दरवर्षी केबिन इंटिरिअरचं मोठं प्रदर्शन भरतं, पण स्वतःच्या खिशातून तिकीट काढून नवख्याने जाऊ नये. मालक पाठवेल तेव्हा जा, पिशवीभर नमुने आणता येतात.

प्लॅस्टिक पॅनेलकडे जाणार असाल तर वेगळा अभ्यास आहे. तिथे ज्योत ६० सेकंद लावतात आणि मोठ्या पॅनेलना उष्णता किती बाहेर पडते याची ६५/६५ ची मर्यादा असते (एक आकडा उष्णतेच्या कमाल वेगाचा, दुसरा एकूण उष्णतेचा). त्यावर मी बोलत नाही, माझा हात कापडावरच बसलाय.

इंटरव्ह्यूला गेलात तर पगाराआधी हे विचारा: कंपनीकडे डीजीसीएची (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाची) कुठली मान्यता आहे, त्या पत्रात काम कुठलं लिहिलंय, आणि माल बाहेर पडताना सीए फॉर्म १ वर (माल विमानात वापरायला योग्य असल्याच्या प्रमाणपत्रावर) सही कोण करतं. स्वतःची मान्यता नसेल आणि दुसऱ्याच्या मान्यतेखाली काम करत असतील तरी हरकत नाही, अनेक चांगली युनिट तशीच चालतात. मग त्या दुसऱ्याचं नाव विचारा. ते सांगतील. "ते आम्ही मॅनेज करतो" असं उत्तर आलं, तर जॉइनिंगची तारीख विचारू नका.